डावा कोपरा

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही माजलगावात जमलो तेव्हा मामा सगळ्यांच्या शेवटी आला. खांद्यावर पिशवी, अंगाला मेंढरांचा वास. आल्या आल्या माझ्या पाठीत थाप मारून म्हणाला, "लई सुटलास बे. ऊस खाऊन खाऊन म्हैस झाली तुझी."

मामा म्हणजे आमच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा. संघात पूर्वी त्याचा सख्खा भाचा खेळायचा. भाचा पोलिसात भरती होऊन निघून गेला आणि मामा सगळ्यांचाच मामा होऊन राहिला. घर मेंढपाळाचं. त्याचा म्हातारा बाप, ज्याला तो आबा म्हणायचा, अजून मेंढरं घेऊन जिल्हाभर हिंडायचा. उन्हाळ्यात आमच्याही रानात त्यांची मेंढरं खतासाठी बसायची, त्यामुळे मी मामाला लहानपणापासून ओळखत होतो.

संघ पगारी होता. तालुक्यातल्या एका पुढाऱ्यानं तो उभा केला होता. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत मानधन, मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या मागं राहायला दोन खोल्या, जेवण आणि हिंडायला एक जीप. गेवराई, अंबाजोगाई, परभणी, लातूर, जिथं स्पर्धा असेल तिथं जायचं. पूर्वी मातीत खेळायचो, आता सगळीकडे मॅट आली होती आणि प्रत्येक सामना मोबाईलवर थेट दिसत होता.

चढाई करणारा अंगावर येतो तेव्हा बचाव करणारे एकमेकांचे हात धरून उभे राहतात. कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा, अशी जोडी असते. मी मामाच्या शेजारचा. पाच-सहा हंगाम माझा हात त्याच्या हातात होता. त्याच्या पंजाच्या दाबावरून मला कळायचं की आता हा खाली बसणार. समोरच्यानं बोनससाठी पाय टाकला की मामा वाकून घोटा धरायचा, मी वरून कंबर धरायचो. मामानं धरलेला घोटा कुणी सोडवून नेला, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. "पळत्या मेंढराची मागची तंगडी धरायची, आन् काय," असं तो म्हणायचा.

गेवराईच्या पहिल्याच सामन्यात एक घोटा सुटला. मामा तसाच गुडघ्यावर बसून आपल्या पंजाकडे बघत राहिला. मी म्हणालो, "घाम असंल मामा." त्यानं पंजा चड्डीला पुसला. दुसऱ्या सामन्यात परत तसंच झालं. मग परभणीत, उपांत्य सामन्यात, अगदी शेवटच्या चढाईला पाय हातात आलेला असताना निसटला आणि आम्ही एका गुणानं हरलो.

त्या सामन्याच्या व्हिडिओखाली लोकांनी वाट्टेल ते लिहिलं. मामा विकला गेला. मामानं सामना सोडला. मेंढक्याला इमान कुठलं. आमच्यातल्या एकानं ते मोठ्यानं वाचायला सुरुवात केली तेव्हा सरांनी त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक, निवृत्त फौजी, कमी बोलणारा माणूस. पण मामानं ऐकायचं ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुढारी खोलीवर आले. खुर्चीत बसले, आम्ही सगळे उभे.

"खरं सांग," ते मामाला म्हणाले, "समोरच्यांनी गाठलंय का तुला?"

"न्हाई साहेब."

"मग पाय कावून सुटायलेत?"

"हातात येतेत साहेब. ऱ्हात न्हाईत."

दोघं-तिघं हसले. पुढारीही हसले आणि उठले. जाताना सरांना म्हणाले, "दुसरा कोपरा बघून ठिवा."

मला हसू आलं नाही, कारण मला दुसरंच काहीतरी जाणवत होतं. साखळीत उभं राहिलं की मामाचा पंजा माझ्या हातात नुसता ठेवल्यासारखा असायचा. दाब नव्हता. जेवताना तो भाकरी दोन्ही हातांनी मोडायला लागला होता. सदऱ्याची वरची बटणं उघडीच ठेवायचा.

एका दुपारी सराव नव्हता. मी त्याला गाडीवर मागं बसवून धरणाच्या भिंतीकडे नेलं. पाणी बरंच मागं गेलं होतं आणि मोकळ्या झालेल्या गाळात कुणाची तरी जनावरं चरत होती. मी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. त्यानं ती मांडीत धरली, झाकणाशी झटला आणि मग माझ्याकडे परत केली.

"खोल."

"मामा, कवापासून हाय हे?"

"लोकर कातरायच्या टायमाला कळलं. कात्री मिटना. बायकूला वाटलं कात्रीच गंजली." तो थोडं हसला. "मला वाटलं नस दबली असंल. सराव केल्यावर जाईल."

"सरांना सांगू."

"सांगितलं की बसवतेत बाहीर. मग मी काय करू बे? मला दुसरं काय येतंय?"

"आधी दवाखान्यात जाऊ. मग बघू सरांचं."

मी उघडून दिलेल्या बाटलीतून त्यानं दोन घोट घेतले. मग म्हणाला, "तुला हातात कळत व्हतं ना?"

"व्हय."

"मग बोलला कावून न्हाईस?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलतो."

बीडच्या डॉक्टरांनी मान, खांदा, मनगट तपासलं आणि संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात त्याच्या हातात सुया टोचून तपासण्या झाल्या. मामी, म्हणजे मामाची बायको, सोबत होती. डॉक्टर तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. खुर्ची पुढं ओढून त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूचा हुकूम स्नायूंकडे नेणाऱ्या नसा आहेत, त्या एकेक करून वाळत चालल्या आहेत. आज हात, उद्या पाय, मग बोलणं, गिळणं. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील.

"औषध?" मामीनं विचारलं.

"थोडं सावकाश करणारं आहे. बरं करणारं नाही."

मामानं विचारलं, "मॅडम, खेळल्यानं झालं का हे?"

"नाही. तसं काही नाही."

एवढं ऐकून त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. बाहेर आल्यावर मामी जिन्यात बसून रडली. तो तिच्या शेजारी उभा राहिला. तिच्या डोक्यावरून फिरवायला त्यानं उजवा हात उचलला, तो अर्ध्यात थांबला, मग डावा फिरवला.

संघाला त्यानं स्वतःच सांगितलं. खोलीत सगळ्यांना बसवलं आणि म्हणाला, "मी विकलो गेलो न्हाई. मला बिमारी हाय." नाव सांगायला लागला, ते त्याला नीट आलं नाही, म्हणून मी सांगितलं. त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकजण उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. सरांनी एवढंच म्हटलं, "हंगाम संपेपर्यंत तू संघातच आहेस. संघाचे कपडे घालून बाकावर बसायचं." पुढाऱ्यांना त्यांनीच जाऊन सांगितलं. पुढारी काय म्हणाले ते आम्हाला कळलं नाही. पुन्हा ते खोलीवर आले नाहीत, आणि मामाचं मानधनही थांबलं नाही.

डाव्या कोपऱ्यात लातूरचा एक चांगला गडी आला. त्याचा हात घट्ट होता. मला त्या घट्ट हाताचा राग यायचा. त्यात त्याची काय चूक होती?

शिमगा जवळ आला, ज्वारी काढणीला आली आणि आम्ही धर्मापुरीला गेलो. हंगामाची शेवटची स्पर्धा. गटातले पहिले दोन सामने आम्ही हरलो. तिसरा नुसता खेळायचा म्हणून खेळायचा होता. त्या दुपारी जुन्या मंदिराच्या बाजूनं एक म्हातारा काठी टेकत येताना दिसला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला लाल पटका. मामा बाकावरून ताडकन उठला.

"आबा हाय."

मेंढरं जवळच्याच शिवारात होती. गावातल्या कुणीतरी माजलगावचा संघ आलाय म्हणून सांगितलं आणि म्हातारा मेंढरं सुनेच्या भावावर सोपवून पोराचा खेळ बघायला आला होता. जन्मात पहिल्यांदा. घरात मामीनं अजून त्याला काहीही कळू दिलं नव्हतं.

मामा सरांपुढं गेला. "सर, थोडा येळ उभा ऱ्हाऊ द्या. आबा आलाय."

सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग मैदानाकडे. "पडू नकोस," म्हणाले.

समोरच्या संघाचा मुख्य चढाईपटू आमच्या ओळखीचा होता. मामानं त्याचा घोटा किती वेळा धरला असेल, त्याला आणि देवाला ठाऊक. सर त्यांच्या बाकाकडे गेले आणि काहीतरी बोलून आले. दुसऱ्या डावात मामा आत आला, लातूरचा गडी मधे सरकला आणि मामा डाव्या कोपऱ्यात उभा राहिला. त्याची बोटं मिटत नव्हती, म्हणून मी त्याचं मनगट धरलं. किती बारीक झालं होतं ते!

चढाया होत राहिल्या. तो चढाईपटू यायचा, उजवीकडे पाय टाकायचा, मधे घुसायचा, एकदा माझ्या छातीला स्पर्श करून गुण घेऊन गेला. मी बाहेर बसलो तेव्हा लातूरचा गडी न सांगता मामाच्या शेजारी सरकला आणि त्यानंही मनगटच धरलं. डाव्या कोपऱ्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही. मामा वाकून, पाय रोवून, डोळे समोर लावून उभा होता. जसा नेहमी उभा राहायचा तसाच. आम्ही हरलो. सामना संपला तसा तो चढाईपटू रेषेवरून सरळ मामाकडे आला आणि वाकून त्याच्या पायाला हात लावून गेला.

म्हातारा मैदानाच्या कडेला आमची वाट बघत होता. चेहरा उजळलेला.

"हारले म्हणा," तो मला म्हणाला, "पण बघितलं का? माझ्या पोराकडं एक गडी आला न्हाई. लई धाक हाय त्याचा."

मी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "व्हय आबा. भेतेत मला."

म्हाताऱ्यानं गोफणीच्या दोरीला बांधून आणलेली गुळाची पुडी सोडली आणि आम्हा सगळ्यांना खडा खडा गूळ दिला. मामाला त्यानं स्वतःच्या हातानं भरवला, लहान पोराला भरवतात तसा. मामानं तो घेतला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

पुढच्या दिवाळीला संघ जमला नाही. पुढाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. मी एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून लागलो. कपिलधारच्या डोंगराकडे मामाची वस्ती होती, तिकडे सुट्टीला गाडी काढून जायचो. आधी तो अंगणात चालत यायचा, मग बाजेवर बसलेला दिसायचा, मग पडलेला. म्हातारा रोज सकाळी तेल कोमट करून त्याचे हात चोळायचा. "वापरला की येतोय हात," म्हणायचा. आम्ही त्याला सगळं सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं आणि चोळणं चालू ठेवलं.

शेवटी शेवटी मामाची वाचा गेली. त्याची पोरगी मोबाईलवर सामने लावून त्याच्यासमोर धरायची. एखादी चांगली पकड झाली की त्याचे डोळे माझ्याकडे वळायचे. मी बोलायचो, तो ऐकायचा. मामी वाटीतली पातळ पेज चमच्यानं पाजायची, अर्धी बाहेर यायची, ती पदरानं पुसायची.

एका सकाळी फोन आला. मी पोहोचलो तेव्हा अंगणात संघातले बरेचजण होते. सरही आले होते. तिरडीला आम्हीच खांदा दिला. लातूरचा गडीही एवढ्या लांबून आला होता.

दुसऱ्या दिवशी राख सावडून झाली. मी मामीपाशी बसलो होतो तेव्हा म्हातारा घोंगडी झटकून उठला आणि मेंढरांच्या वाड्याचं काटेरी फाटक बाजूला ओढायला लागला. मी धावत गेलो.

"आबा, आज तरी ऱ्हावा की. कुणी दुसरं नेईल मेंढरं."

"कोण नेईल?" तो म्हणाला. "दोन दिस झाले, उपाशी हायेत. त्यांला काय कळतंय?"

मी फाटकाची दुसरी बाजू धरली. मेंढरं एकमेकांना ढकलत बाहेर पडली. म्हातारा त्यांच्या मागं निघाला, आणि वस्ती मागं पडेपर्यंत मी त्याच्या बरोबर चालत गेलो.