गायीची मूठ

डाळवाले बाबाजी तागडीत डाळ तोलत, काटा सरळ झाला की माझ्या पिशवीत ओतत आणि वरून एक भरगच्च मूठ टाकत. तिचा हिशेब नसे. "हे गायीची मूठ," ते म्हणत. "शेण तिचं, मूत तिचं. मी त नुसता पेरतो." पहिल्यांदा मला वाटलं, गिऱ्हाईक बांधून ठेवायची युक्ती असेल. माझ्या डोक्यात आधी असलंच काही येतं.

दरेकशाहून सकाळच्या गाडीने ते गोंदियाला येत आणि थैले सांभाळत कुडव्यात आमच्या दारी. धानाच्या शेतातल्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची तूर, रासायनिक खत नाही, फवारा नाही, घरच्या जात्यावर भरडलेली. डाळीला कुठे कुठे साल चिकटलेलं असे. कुणी नाक मुरडलं की म्हणत, "खायची आहे का पाहायची?" शिजायला लागली की मात्र शेजारणी विचारत, आज काय केलंस गं?

मग बाहेरच्या तुरीवरचा आयात कर उठला. कोपऱ्यावरच्या दुकानात आफ्रिकेतली डाळ पोत्यांनी आली, पिवळीधमक आणि कितीतरी स्वस्त. एकेक घर तिकडे वळलं. बाबाजी दारात दिसले की आम्ही म्हणायचो, अजून शिल्लक आहे. सेंद्रियच खावं असं साऱ्या नातेवाइकांना ऐकवणारी मीसुद्धा.

"त्या तुरीले जहाजाचं भाडं नाही लागत काय जी?" त्यांनी एकदा विचारलं. मी पाणी आणायला आत गेले.

गेल्या हिवाळ्यात ते आले तेव्हा डाळ चकचकीत होती आणि भाव दुकानाइतकाच. मला बरंच वाटलं. त्यांनी तोललं, ओतलं आणि तागडी आवरायला घेतली. मी पिशवीचं तोंड उघडं धरून तशीच.

"काऊन उभ्या बाई?"

"गायीची मूठ राहिली ना, बाबाजी."

त्यांनी मान वर केली नाही. "हे डाळ माही नोहे. बाहेरचीच आहे, बजारातून आणून इकून राहिलो. माही कोणी घेत नाही. गाय बी इकली." तागडी शेल्याने पुसत म्हणाले, "तिच्या नावानं दुसऱ्याची मूठ कशी देऊ?"

लाजेने मान त्यांनी खाली घातली होती. खाली माझी जायला हवी होती. मी पिशवी बांधली.

त्यानंतर बाबाजी आले नाहीत. ती डाळ मी दुसऱ्या दिवशी लावली. लवकर शिजली. शेजारून कुणी काही विचारलं नाही.