आपल्याच ट्रकखाली गेलेला पाय

माझ्या नवऱ्याला लढाईत गोळी लागली नव्हती.

एवढं एक वाक्य बोलून या माणसाने आमची हाताशी आलेली जमीन घालवली. आज त्यांना जाऊन वर्ष झालं. माझा राग अजून गेला नाही, म्हणून फेसबुकवर लिहिते आहे.

हे फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत यांची ड्यूटी पार मागे, सामान पोचवायची. उतारावर उभा केलेला ट्रक सरकायला लागला. हे चाकाखाली दगड लावायला धावले आणि उजवा पायच चाकाखाली गेला.

गोळी नाही, बाँब नाही. हँडब्रेक!

पाय वाचला, पण कायमचा वाकडा झाला.

यांच्या युनिटमधला एक क्लार्क, आपल्या वऱ्हाडातलाच, हॉस्पिटलात भेटायला आला. म्हणाला, "उत्तमराव, मी साहेबाले बोलतो. गोळीबारात जखमी, असं कागदावर लागून जाईन. पुढं लय कामी येते."

"नको."

"काहून?"

"बाजूच्या खाटेवरचा पोट्टा पाह्यला का? सुरुंगानं दोन्ही पाय गेले त्याचे. त्याच्या रांगेत मी कसा घुसू?"

हे मला यांनीच घरी आल्यावर सांगितलं. वर विचारलं, "बराबर केलं ना?"

मी काय बोलणार? नवी नवरी. मान हलवली. मनात म्हटलं, बाई, आपलं काही खरं नाही.

आमचे सासरे जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबले. आसेगावात आमच्या वस्तीत स्वतःचं वावर असलेलं घर तेव्हा शोधूनही सापडलं नसतं. तालुक्याचे एक पुढारी घरी येऊन म्हणाले, लढाईत जखमी झालेल्या जवानाला सरकार जमीन देते, तुमचं काम मी करून देतो.

झालं! सासऱ्यांनी मनातल्या मनात पेरणीसुद्धा उरकली. कुठे कपाशी, कुठे तूर, सगळं ठरलं.

शाळेच्या पटांगणात सत्कार ठेवला. स्टेज, लाऊडस्पीकर, हार. पुढारी रंगात आले. "छातीवर गोळ्या झेलणारा आपल्या तालुक्याचा वाघ!"

आता छातीवर गोळ्या झेलणारा माणूस लंगडेल कशाला, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

हे उठले. माइक घेतला.

"साहेब, मले गोळी नाही लागली. ट्रक सरकला, त्याच्याखाली पाय गेला. ट्रकही आपलाच होता."

लोक हसले.

पुढारी यांच्या कानाशी लागले, "अहो बसा ना, लोकाइले काय समजते?" माइक चालूच होता. लोकांनी तेही ऐकलं.

"समजत नाही, म्हणूनच तर सांगून राह्यलो," हे म्हणाले.

पुढारी जीपमध्ये बसून गेले. आमची जमीनही त्याच जीपमध्ये बसून गेली.

घरी आल्यावर सासरे कडाडले, "तुले कोणं विचारलं होतं? अबे, चूप बसाले पैसे लागत होते का?"

"चूप बसलो असतो तर ते खोटं माझंच झालं असतं, बाबा."

"मंग खाय आता तुझं खरं!"

त्या दिवसापासून सासऱ्यांनी यांच्याशी बोलणं सोडलं. एक घर, एक चूल, आणि मधे मी. "सूनबाई, त्याले सांग." "अवं, बाबाले विचार." मी सून होते की टपालखातं!

मीही यांना कमी बोलले नाही. म्हटलं, "साऱ्या गावात खरं बोलाचा ठेका तुमीच घेतला का?" हे नुसते ऐकून घ्यायचे. भांडायचेसुद्धा नाहीत. याचा वैताग वेगळा.

मग काही वर्षांनी गावात धुऱ्याचं भांडण झालं. धुरा म्हणजे शेताचा बांध. सासरे ज्या मालकाकडे राबायचे, त्याने शेजारच्या एका विधवा बाईच्या वावरात धुरा सरकवला. पंचायत बसली. कोणी तोंड उघडेना, कारण मजुरी सगळ्यांनाच त्याच्याकडे.

बाई म्हणाली, "मिलिटरीवाल्याले विचारा. तो रोज तिकूनच जाते. तो बोलन ते मले कबूल."

मालकही हो म्हणाला. बाप माझ्याकडे कामाला, पोरगा काय बोलणार, असं त्याला वाटलं असावं. तो सत्काराला आला नव्हता वाटतं.

मी यांना जाण्याआधी बजावलं, "काई पाह्यलं नाही म्हणा."

"पण पाह्यलं ना वं."

आणि पंचायतीत सांगून मोकळे. धुरा मालकाच्या माणसांनी सरकवला, मी डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणाले.

बाईचं वावर तिला परत मिळालं. सासऱ्यांचं काम सुटलं.

जमीन वाचली ती दुसऱ्याची! आमची तेव्हाही नव्हती, पुढेही झाली नाही.

मी भाकरी थापत होते आणि आता घरात काय महाभारत होतं याची वाट बघत होते. सासरे आले. काठी भिंतीला टेकवून यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांनी थेट यांच्याशी बोलले.

"उत्तम."

"हो, बाबा."

"मले वाटे, तू फकत आपलंच नुसकान करतं. आज मालकाचंही केलं."

आणि सासरे हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. हे त्यांची पाठ चोळत होते, आणि मीही चिडत चिडत हसत होते. त्या दिवशी बापलेक एका ताटात जेवले.

सासऱ्यांना मग त्या बाईनेच कामावर बोलावलं. हे कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकावर वॉचमन लागले. भरवशाचा माणूस म्हणून शेठने घेतलं. भरवसा मोठा, पगार लहान. त्यातच पोरं शिकली.

अहो, वर्ष झालं. श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला येत नाहीत, आणि उगाच वाढवून लिहिलेलं तुम्हाला चाललं नसतं.

लय तरास दिला तुमी मले.

लय आठवण येते.

जय भीम.