डोकं हुंगणारी वाटाडी

आमची वाटाडी मावशी माणसाचं डोकं हुंगल्याशिवाय त्याला घाट उतरू द्यायची नाही. मामलेदार असो की गुराखी, केळदच्या पुढे घाटमाथ्यावर तिच्यासमोर मान वाकवून उभं राहावं लागे. ती टाचा उंचावून टाळूशी नाक नेई, एक लांब श्वास घेई आणि म्हणे, "चला." नाहीतर, "व्हा माघारी, वड्यावर जाऊन धुवा."

मुलांनो, त्या समुद्रकाठच्या अभयारण्याच्या दारावर पहारेकऱ्याने तुमच्या पिशव्या उघडायला लावल्या, खाऊ काढून घेतला आणि तुम्हाला त्याचा राग आला, असं तुम्ही या आजीला पत्रात लिहिलंत. तुमचे फोटो मी भिंगाखाली धरून पाहिले. झाडावरची माकडं, ओला किनारा, वाळूतलं कासव. पण डोळ्यांपुढे आली ती मावशी. जंगलातून चालत समुद्राला मीही गेले होते, तेरा वर्षांची असताना. माझीही झडती झाली होती.

मावशी धनगराची. केळदजवळच्या वाडीत तिच्या म्हशी होत्या. नवरा लवकर गेला. तेव्हापासून तुपाचं मडकं डोक्यावर घेऊन ती मढे घाटाने महाडच्या बाजाराला जायची आणि येताना मीठ आणि सुकट आणायची. हळूहळू लोक तिची सोबत मागू लागले. "म्या नेल्यालं माणूस म्या माघारी आणलंया," असं ती म्हणे. त्यात फुशारकी नसे. आपण आपल्या गावाचं नाव सांगतो, तसं ते सांगणं असे.

हुंगण्याला कारण होतं. निम्म्या घाटात वाट एका कड्याखालून जायची आणि त्या कड्याला आग्या माश्यांची सुपाएवढी मोहोळं लटकलेली असत. "त्यास्नी शहराचा वास सोसत न्हाई," मावशी म्हणायची. वासाचं तेल, अत्तर, गजरा, विडी, सगळं ओढ्यावरच सोडायचं.

माझे वडील, अण्णा, वेल्ह्याच्या शाळेत हेडमास्तर होते. घरी ते मला इंग्रजी शिकवत. एकदा जहाजांचा धडा आला तेव्हा मी विचारलं, "समुद्र म्हणजे केवढा हो, अण्णा?" त्यांनी पुस्तक मिटलं. "ते वाचून कळायचं नाही. दाखवतो." फाल्गुनात आम्ही निघालो. अण्णा, मी आणि शाळेतले ड्रॉइंगमास्तर. ड्रॉइंगमास्तरांच्या मिशांना पीळ होता, आणि तो पीळ राहावा म्हणून ते मोगऱ्याच्या वासाचं मेण लावत.

मावशीने त्यांचं डोकं हुंगलं, मग मिशा हुंगल्या. "मास्तर, ह्यो मोगरा हितंच धुवा. खाली तुमास्नी बगाया कुनी नवरी बसली न्हाई." बिचाऱ्यांनी ओढ्याची माती लावून मिशा धुतल्या. त्या ओठांवर ओघळल्या आणि मी पोट धरून हसले. मग माझी पाळी आली. माझं डोकं शिकेकाईने न्हालेलं होतं. "वासाचं काय हाय का गं जवळ?" तिने विचारलं. "नाही," मी म्हणाले.

होतं. मावसबहिणीच्या लग्नातला हिना अत्तराचा फाया मी परकराच्या नेफ्यात खोचून आणला होता. महाडला अण्णांच्या आतेभावाकडे, वकिलांकडे, उतरायचं होतं. त्यांच्या मुलींपुढे मला नीटस दिसायचं होतं. हुंगणं आटोपलं, तसं मी तो फाया हळूच कानात घातला आणि वर केस ओढून घेतले.

मावशीबरोबर जंगल पाहणं म्हणजे गप्प राहणं. फांदीवर शेकरू दिसलं की ती नुसती हनुवटी उचली. एका वळणावर तिने आडवा हात धरला. पुढे गवा उभा होता, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. तो सावकाश पलीकडे जाईपर्यंत आम्ही झाडांसारखे उभे होतो. "त्याचं घर हाय. त्याला आदी जाऊ द्यावं," ती नंतर म्हणाली.

कड्याखाली आलो आणि माझ्या कानाशी एक माशी घोंघावली. मग चार आल्या. मग वरून काळी चादर झटकावी तसा आवाज झाला. "बसा खाली! त्वांड झाका!" मावशी ओरडली. अण्णांनी आणि ड्रॉइंगमास्तरांनी उपरण्यात डोकी खुपसली. मावशीने खांद्यावरची घोंगडी माझ्यावर टाकली आणि स्वतः माझ्यावर ओणवी झाली. "हलू नगंस. सावकाश दम घे." मला आत फक्त अंधार आणि लोकरीचा वास होता. ती बाहेर उघडी होती.

माश्या पांगल्यावर तिने आम्हाला घाईने खाली उतरवलं. अण्णांना चार-पाच डंख, ड्रॉइंगमास्तरांना तितकेच. मला एकच, मनगटावर. तिने चंचीतला चुना काढून तिथे लावला. माझे केस मागे सारताना तिची बोटं कानापाशी थांबली. तिने फाया काढला, माझ्याकडे पाहिलं आणि तो मुकाट्याने चंचीत टाकला. तिकडे ड्रॉइंगमास्तर कळवळून म्हणत होते, "माझ्याच मिशांनी घात केला, हेडमास्तर!" मावशीने चंची आवळून बांधली. मी त्यांना तसंच समजू दिलं.

महाडला पोहोचेपर्यंत मावशीचा एक डोळा पुरता मिटला होता आणि ओठ सुजून लोंबत होता. वकीलकाकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते अण्णांवर चिडले. "भलत्या बाईच्या भरवशावर पोरीला आणलंस! परतीला मी माझा माणूस देतो. आणि उद्या बाजारात सांगतो, हिच्याबरोबर कुणी बायकापोरं पाठवू नका." मावशी ओटीखाली उभी होती. तिने ऐकलं आणि आपलं मडकं उचललं. इतक्या वर्षांचं तिचं नाव त्या अंगणात पुसलं जात होतं आणि पुसणारी मी होते.

"तिची चूक नाही," मी म्हणाले. "माझ्या कानात अत्तराचा फाया होता. मावशीने विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

अण्णांनी मावशीला विचारलं, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"ल्येक माज्या हवाली व्हती, मास्तर. हवाली आल्याल्या मानसाची चहाडी कशी करू?"

अण्णा ओटीवरून उतरले आणि सगळ्यांदेखत त्यांनी मावशीला वाकून नमस्कार केला. मला ते एका शब्दाने रागावले नाहीत. तशी गरजही उरली नव्हती. मग त्यांनी मावशीला विचारलं, "आमच्याबरोबर समुद्रापर्यंत याल?" ती सुजलेल्या ओठाने हसली. "मिठाच्या बाजाराफुडं म्या कदी गेलेच न्हाई."

दोन दिवसांनी, सूज उतरल्यावर, शिडाच्या पडावातून खाडीने बाणकोटला आणि तिथून चालत वेळासच्या किनाऱ्यावर गेलो. सकाळची वेळ होती. समुद्राबद्दल मी काय लिहू? तुम्ही पाहिलाच आहे. मावशी पाण्यात घोट्यापर्यंत गेली, ओंजळ भरली आणि हुंगली. "मिठाचं गाव ह्येच म्हनायचं," ती म्हणाली.

परत वळताना पायाशी वाळू हलली. कासवाची पिल्लं, रुपयाएवढी, एकामागून एक बाहेर येऊन पाण्याकडे निघाली होती. वर कावळे घिरट्या घालत होते. मावशीने घोंगडी दोन्ही हातांनी पसरली आणि त्यांच्या बाजूने चालू लागली.

"ह्यांचा वाटाड्या कुटं हाय, मास्तर?"

"कोणी नाही, बाई. जन्मल्याबरोबर आपली आपण जातात."

शेवटचं पिल्लू लाटेत शिरेपर्यंत ती हलली नाही. "येवडीशी हायेत," ती म्हणाली, "पर एक बी मागं वळना!" एवढा अभिमान मी तिच्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही.

पुढे चार वर्षांनी मी कॉलेजसाठी पुण्याला निघाले. आमच्या भागातली मी पहिलीच मुलगी. मोटारीपाशी मावशी आली, डोक्यावर मडकं घेऊन. मी न सांगता मान वाकवली. तिने टाचा उंचावल्या आणि माझी टाळू हुंगली.

"वास येतुया."

"साबणाचा आहे, मावशी. खरंच."

"म्या कुटं काय इचारलं?" तिने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "जा. आता तुला वाटाड्या नगं."

मोटार सुटली. ती रस्त्यावर उभी आहे हे मला ठाऊक होतं. खूप वाटलं, तरी मी मागे वळून पाहिलं नाही.