निनावी माणसाचं पान

सातुर्निना कोल्के पाव विकायला निघाली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, एल आल्तो या डोंगरमाथ्यावरच्या शहरात अशी थंडी पडते, की अंगणातल्या बादलीत पाण्याचा दगड होतो. बेनेदिक्ता चोकेच्या खिळे-तारांच्या दुकानापुढच्या पायरीवर तो हमाल नेहमीसारखाच कुशीवर पडला होता. ओझं बांधायचा दोर त्याच्या उशाला होता. सातुर्निनाने रोजच्यासारखा कालचा एक पाव त्याच्या हाताशी ठेवला आणि ती पुढे गेली. रोज तो डोळे न उघडताच तोंडातल्या तोंडात तिला आशीर्वाद द्यायचा. आज काहीच ऐकू आलं नाही, म्हणून ती मागे वळली.

पोलीस आले. त्यांनी जमलेल्या लोकांना मेलेल्याचं नाव विचारलं. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. कितीतरी वर्षं तो विला सान कासियानो या वस्तीतल्या घराघरांत गाद्या, कपाटं, बटाट्याची पोती पोचवत होता. सगळे त्याला 'दोरवाला' म्हणत. त्याला नावही असेल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

त्याला नेलं, पायरी धुतली, पण लोक तिच्यावर पाय द्यायला कचरू लागले. खिळे घ्यायला आलेली माणसं बाजूने वळसा घालून दुकानात शिरत. आपण असं करतोय हे त्यांनाही कळत नसे. बेनेदिक्ताचं वेगळंच होतं. सकाळी दुकानाचं शटर वर करताना तिला पलीकडून त्याच्या ओळखीच्या खोकल्याची उबळ ऐकू यायची. शटर वर गेलं की समोर नुसता वारा. हे तिने एकट्या सातुर्निनाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिच्यावरच चिडली.

वस्तीचं नवं सभागृह झाल्यापासून जुनं बंद पडून होतं. बेघरांना रात्री निजायला ते उघडून द्यावं, असं सातुर्निनाने सभेत मांडलं. तिला बोलायची सवय नव्हती. चार वाक्यं बोलून ती खाली बसली. अध्यक्ष प्रिमितिवो लारुता, खाणीतून निवृत्त झालेला माणूस, खाली मान घालून टोपी चाचपत राहिला. उत्तर दिलं बेनेदिक्ताने.

"माझ्या दारात एक मेला तर माझी झोप उडालीय. आता तुम्ही पन्नास आणून निजवणार? सगळ्या शहरातले दारुडे इकडे लोटतील, ताई. मग पोरीबाळींनी जायचं कुठून?"

टाळ्या पडल्या. ठराव फेटाळला गेला.

मग सातुर्निना पावाची टोपली घेऊन दारोदार फिरली. कुणी तिला तोडून बोललं नाही. बसा म्हणत, गरम काढा देत, तिच्या मोठ्या मनाचं कौतुक करत, आणि शेवटी म्हणत, की आश्रयघर हवंच, पण आपल्या गल्लीत नको. एकीने तर डोळे पुसत पुसत दार लावून घेतलं.

ऑक्टोबर सरला. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी भर दुपारी बाराच्या ठोक्याला मेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत जातात. घरोघर त्यांच्यासाठी पान वाढलेलं असतं. ज्याचं पान कुठेच नाही, तो वस्तीभर उपाशी फिरतो. त्या वर्षी सातुर्निनाने जुन्या सभागृहाच्या ओट्यावर टेबल मांडलं, काळं कापड घातलं. परतीच्या वाटेवर टेकायला उसाची काठी ठेवली, वाटेत पाणी भरून न्यायला पोकळ पातीचे कांदे ठेवले, आणि मध्ये मेलेल्याची जागा घेणारं, पिठाचं घडवून भाजलेलं पावाचं बाळ, रंगवलेला चेहरा चिकटवलेलं. मग ती शेजारी स्टूल घेऊन बसली.

लोक पानापानावर प्रार्थना म्हणत फिरत होते. तिथेही आले. रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारलं, "कुणासाठी म्हणायची?"

"नाव मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला त्याचं जे ठाऊक असेल ते सांगा, मग म्हणा."

एक बाई म्हणाली, माझ्या बाळंतपणात त्याने पलंग माडीवर चढवला आणि पैसे घेतले नाहीत. कुणी म्हणालं, तो ओझ्याखाली गुणगुणायचा, पोतोसीच्या खाणींकडचं काहीतरी. दुसरा म्हणाला, छे, तो सरोवराकडचा. एक मोठी माशी येऊन पावाच्या बाळाच्या चेहऱ्यावर बसली. मेलेला अशाच रूपाने येतो, हे जमलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिला कुणी हाकललं नाही. ती बराच वेळ हलली नाही. बोलणाऱ्यांचे आवाज आपोआप खाली आले.

प्रिमितिवो टोपी काढून उभा होता. "तो खोकला खाणीतला होता," तो म्हणाला. "मला लांबूनही ओळखू येतो. कुठल्या खाणीत होतास, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्यातला म्हणून घरी न्यावा लागला असता."

सगळ्यांत शेवटी बेनेदिक्ता आली. ती टेबलाकडे न बघता सातुर्निनालाच म्हणाली, "खरं सांग. हे पान तुझ्या फेर्मीनचं आहे ना?"

फेर्मीन हा सातुर्निनाचा धाकटा भाऊ. परदेशात, ब्वेनोस आइरेसला शिवणकामाच्या कारखान्यात म्हणून गेला. पहिली काही वर्षं त्याचे फोन आले, मग तेही थांबले. आई वारली तेव्हा त्याला निरोप पाठवायला पत्ता नव्हता.

"नाही," सातुर्निना म्हणाली. "त्याचं पान मी वाढत नाही. वाढलं की तो मेला. तो तिकडे कुणाच्या पायरीवर निजत असेल, तर त्या घरच्या बाईने त्याला आत घ्यावं, एवढंच मला हवंय. पण मी इथे कुणाला आत घेतलं नाही, तर ते मागू कुठल्या तोंडाने? मीही दोरवाल्याच्या हाताशी पाव ठेवून पुढेच जात होते, बेनेदिक्ता."

बेनेदिक्ता गुडघ्यांवर बसली. प्रार्थनेत नावाची जागा आली तशी ती अडखळली. मग "माझ्या पायरीवरच्या माणसाला" असं म्हणून तिने पुढची प्रार्थना पुरी केली.

पुढच्या सभेत ठराव पास झाला, तोही जेमतेम. बऱ्याच जणांनी हात वर केला नाही, आणि काहींनी सातुर्निनाकडून पाव घेणं बंद केलं. फुटलेल्या काचांच्या जागी प्रिमितिवोने नव्या बसवल्या. बिजागऱ्या आणि कडी बेनेदिक्ताने दुकानातून आणून दिली. दार आतूनही उघडता आलं पाहिजे, कोंडल्यासारखं वाटू नये, असा तिने हट्ट धरला. थंडी सुरू व्हायच्या आत बारा खाटा पडल्या. पहिल्याच महिन्यात कुणीतरी सुपाचं मोठं पातेलं पळवलं. विरोधकांना म्हणायला निमित्त मिळालं. तरी दार बंद झालं नाही. शटरापलीकडचा खोकला थांबला का, असं सातुर्निना बेनेदिक्ताला विचारत नसे, आणि तीही आपणहून सांगत नसे.

सातुर्निना संध्याकाळी पाव घेऊन यायची. आलेल्या प्रत्येकाला नाव-गाव विचारायची. काही खोटं सांगायचे. तिला ते कळायचं, तरी त्याच नावाने ती त्याला हाक मारून सूप वाढायची.

एकदा एक वाकलेला माणूस आला. बोटांना सुयांचे घट्टे. ब्वेनोस आइरेसहून आलो म्हणाला. तिने त्याला दिव्याखाली बसवून चेहरा नीट पाहिला. फेर्मीन नव्हता. फेर्मीन कोल्के म्हणून कुणी भेटला होता का, लहानखुरा, डावखुरा, असं तिने विचारलं.

"असे फार होते हो, मावशी," तो म्हणाला. "कारखान्यात आम्ही एकमेकांची नावं विचारत नव्हतो."

तिने त्याला दोन पाव दिले. खाऊन तो आडवा झाला, दोरवाल्यासारखाच कुशीवर, हात डोक्याखाली घेऊन. त्याला झोप लागली तरी ती त्याचा श्वास ऐकत उशाशीच उभी होती. दाराशी थांबलेल्या बेनेदिक्ताने दोनदा हाक मारली, तेव्हा कुठे ती हलली.