सुकटीची पिशवी आणि बंद गाडी

कम्युनिटीतल्या गाडीवाल्यांनो, आज मी हात टेकले.

अकरा वाजता कोल्हापूरला बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दुसरा डोळा आधीच गेलाय. आमच्या गावाहून फोंडाघाटमार्गे चार तास लागतात, म्हणून सहालाच निघालो, तर गाडी सुरूच होईना. सेल्फ फिरतोय, पण इंजिन घेत नाही. बॅटरीची टोकं घासली, प्लग पुसले, शेजाऱ्यांकडून धक्का मारून घेतला. आठ वाजले आणि मला रडू फुटलं.

शेवटी बाबाच बॉनेटपाशी आले. जन्मभर जाळी शिवलेली बोटं त्यांनी वायरींवरून फिरवली. "हंयसर बघ, उंदरान खाल्ल्यान."

वायर जोडून गाडी सुरू झाली तेव्हा साडेनऊ झाले होते. फोन केला, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी.

डॉक्टरांना द्यायला आईने काल रात्रीच सुकटीची पिशवी गाडीत ठेवली होती. त्या वासानेच उंदीर आला.

"माझ्यामुळे झाला रे," म्हणाली, आणि दुपारी जेवलीच नाही. तिला मी काय सांगू?

बाबा समजावत होते, "अजून तू दिसतंस गो माका."

आई चुलीपाशी होती. बाबा दाराकडे बघून बोलत होते.