आणखी एक जोसेफ शोधा

चूक पास्कल अंकलची. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या ग्रुपचे किस्से इतके साठलेत, की एकेक सांगता सांगता मुख्य गुन्हेगार सुटून जायचा!

ग्रुप म्हणजे काय, तर इथे परदेशात, स्कारबरोच्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी जमणारे वसईचे सात-आठ म्हातारे. काम एकच, आपापले पूर्वज शोधणं. जिवंत नातवंडांचे बर्थडे यांच्या लक्षात राहत नाहीत, पण दीडशे वर्षांपूर्वी गेलेल्याचा बाप्तिस्मा कुठे झाला ते हवं! पास्कल अंकल अध्यक्ष. बँकेतून रिटायर झाला, तरी टाय बांधून येतो. आणि मी? मी हॅमिल्टनला तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं, म्हणून मला स्कॅनिंगला बसवलं. "मेल्विन, तुला काय, वेळच वेळ आहे," असं अंकल चारचौघांत म्हणाला.

*

आमच्याकडे पूर्वज शोधणं म्हणजे डोक्याला ताप. मुलाला आजोबांचं, मुलीला आजीचं नाव ठेवायचं आणि सुनेने सासूचं नाव तोंडातून काढायचं नाही. मग आई पोरीला हाक कशी मारणार? म्हणून घरात दुसरंच नाव.

फिलू आंटीला स्वतःच्या गावच्या रजिस्टरमध्ये एक इझाबेल सापडली. आईबाप तेच, जन्मतारीखही आंटीचीच. आंटी हादरली. "माझी जुळी बहीण होती! लहानपणीच गेली असणार, मला कोणी सांगितलंसुद्धा नाही!" आठवडाभर रडली. इझाबेलच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, ठेवली. आम्ही सगळे काळे कपडे घालून गेलो.

नंतर वसईहून तिच्या मोठ्या भावाचा फोन आला. "अगं वेडे, इझाबेल तूच! आजीचं नाव तुला दिलं होतं. आईला घेता येईना, म्हणून फिलू!"

आंटीने डोळे पुसले आणि म्हणाली, "जाऊ दे. नाहीतरी माझ्यामागे मिस्सा कोण ठेवणार होतं?"

*

नोव्हेंबरात कलानी आंटी आली. वय ऐंशीच्या पुढे. जन्म ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर. तिचे पणजोबा हवाईहून जहाजाने तिथे कामाला आले होते. तिने लग्न केलं वसईच्या माणसाशी, चार वर्षं सासरी राहिली, त्यामुळे मराठी आमच्या पिढीपेक्षा बरी. नवरा गेला, आता हॅमिल्टनला एकटी.

तिचं काम साधं होतं. व्हँकुव्हरला तिच्या नातीला बाळ होणार होतं, मार्चमध्ये. त्यांच्या घरात बाळाला नाव सर्वांत म्हातारं माणूस देतं. तिने ठरवलं होतं, समुद्र ओलांडून जो पहिला आला त्याचं नाव द्यायचं. मुलगा असो की मुलगी, तेच चालतं. फक्त ते नाव तिला ठाऊक नव्हतं.

"चुकीच्या माणसाचं दिलं तर?" फिलू आंटीने विचारलं.

"मग ते बाळ आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखं राहतं," कलानी आंटी म्हणाली.

*

कागद तीन मिळाले. ज्या कंपनीत पणजोबा कामाला होते तिच्या वहीत 'फ्रायडे' होता. कारकुनाला हवाईचं नाव लिहायचा कंटाळा आला असणार. चर्चच्या रजिस्टरमध्ये 'जोसेफ'. जमिनीच्या कागदावर 'नालेहुआ'.

पास्कल अंकलने टाय सरळ केला आणि फळ्यावर तीन पिढ्या काढल्या. आजोबा नालेहुआ, मुलगा फ्रायडे, नातू जोसेफ. मग स्वतःच थबकला. "पण नातू जोसेफ, म्हणजे आजोबाही जोसेफच पाहिजे! आणखी एक जोसेफ शोधा!"

"अंकल, हा वसईचा नियम आहे. ते हवाईचे लोक आहेत!"

"कॅथलिक आहेत ना? मग झालं तर."

डिसेंबरभर आम्ही नसलेला जोसेफ शोधत होतो.

*

आंटी हॅमिल्टनहून दोन बसेस बदलून यायची. परत सोडायला मात्र अंकल जायचा. तास-दीड तासाचा ड्राइव्ह, तोही स्नोमध्ये. "मला तसंही तिकडे काम आहे."

"कसलं काम?"

"विंटर टायर्स."

दर शनिवारी विंटर टायर्स! किती चाकं होती त्याच्या गाडीला, देव जाणे.

*

जानेवारीत माझ्या लक्षात आलं, की तिन्ही कागदांवर ओळखीची खूण एकच आहे, डाव्या हाताला तीनच बोटं. फ्रायडेला तीन. जोसेफला तीन. नालेहुआला तीन!

मी ओरडलोच, "अंकल, हा एकच माणूस आहे!"

अंकलने फळ्याकडेसुद्धा पाहिलं नाही. "खानदानी असेल. वंशपरंपरेने येतं."

"दोन बोटं नसणं वंशपरंपरेने येतं?"

"इंजिनिअरिंग सोडलंस, आता मला जेनेटिक्स शिकवतोस?"

सगळे हसले. कलानी आंटीने माझ्याकडे पाहिलं, मग अंकलकडे, आणि विश्वास टायवर ठेवला. मोठ्यांचं हेच मला सहन होत नाही. चुकतात ते चुकतात, वर टाय बांधून चुकतात!

*

फेब्रुवारीच्या एका शनिवारी चहा चालू असताना आंटीचा फोन वाजला. बाळ महिनाभर आधीच आलं होतं. मुलगी. पलीकडून नात विचारत होती, "नाव काय?" आंटीने हातातला कप खाली ठेवला. "माझ्याकडे नाव नाही रे," ती आम्हा सगळ्यांनाच म्हणाली.

पास्कल अंकल उठला. फळ्यावरच्या रेघा त्याने हातरुमालाने पुसून टाकल्या. "चूक माझी. तिघे नव्हतेच, एकच माणूस आहे. आईबापाने ठेवलेलं नाव नालेहुआ. तेच दे."

आंटीने फोनमध्ये तीनदा ते नाव उच्चारलं. पलीकडे बाळ रडत होतं. इकडे फिलू आंटी.

मी मात्र भडकलो होतो. "तीन महिने, अंकल! तीन महिने हिला फुकट हेलपाटे घातलेत!"

"हो," अंकल म्हणाला. चूक मान्य केलेला पास्कल अंकल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

*

पुढच्या आठवड्यात आंटीची फाइल स्कॅन करताना अंकलच्या अक्षरातला एक कागद सापडला. बँकेच्या सवयीने वर तारीख टाकलेली, नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारची. खाली एकच चौकोन. त्यात फ्रायडे, जोसेफ आणि नालेहुआ, तिन्ही नावं. चौकोनाखाली लिहिलं होतं, 'कलानीचे पणजोबा'.

मी कागद त्याच्यासमोर धरला.

त्याने तो वाचला, चार घड्या केल्या आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "हा स्कॅन करू नकोस," म्हणाला.

मार्चमध्ये कलानी आंटी हॅमिल्टनचं घर सोडून नातीकडे व्हँकुव्हरला राहायला गेली, कायमची. एअरपोर्टला सोडायला अंकलच गेला होता. आता शनिवारी त्याला कुठेच जायचं नसतं.