साडूंचा सावलीचा पाठ

घरी आलेल्या पाहुण्याला जग पाणी विचारतं, चहा विचारतं; पण पाहुणा उंबरठ्यात आल्या आल्या त्याचे डोळे बांधणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू निघाला. केळापूरजवळच्या एका खेड्यात ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मी उमरखेडहून दोन बस बदलून, पोटात कावळे ओरडत पोचायचो, तर हे दारातच दुपट्टा घेऊन उभे. "या भाऊ. आज तुमाले दिसत नाही." काहून, असं विचारायच्या आत डोक्यामागे गाठ बसलेली असे. त्यांच्या वर्गात रेणू नावाच्या एका मुलीला मुळीच दिसत नव्हतं, एका पोराला कमी ऐकू यायचं आणि दोघं कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून यायची, त्यांना मराठी परकी. सोमवारचा पाठ या सगळ्यांपर्यंत पोचतो की नाही, हे साडू रविवारी नातेवाइकांवर तपासून घेत. माझ्या बायकोच्या कानात बोळे घालत. आमचा जिल्हाच कापसाचा, बोळ्यांना काय तोटा. मेहुण्याने काहीच समजत नसल्यासारखं बसायचं असे, ते त्याला उपजतच जमत होतं. "डोळे बांधून कोनी आंधळा होत नाही, हे मलेही समजते," साडू म्हणत, "पन मास्तर किती फालतू बडबडते, हे तरी ध्यानात येते."

पाठ संपला की ते टाचणवही उघडत. वर्गात काय शिकवणार हे मास्तर लोक या वहीत लिहितात आणि शेवटी पाठ कसा झाला याचा शेरा मारतात. शहाणे मास्तर हा शेरा पाठाच्या आधीच लिहून मोकळे होतात: पाठ उत्तम झाला. आमचे साडू मात्र खरं लिहीत. रेणूला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी एकदा सगळ्या वर्गाला डोळे मिटून कविता ऐकायला लावली, आणि म्हणताना स्वतःचेही मिटले. त्या दिवशीचा शेरा मी स्वतः वाचला आहे: 'दोघे झोपले. एक घरी गेला. मला शेवटच्या कडव्यापर्यंत कळले नाही.' तपासणीला आलेल्या साहेबांनी हे वाचून चष्मा पुसला आणि हळूच सांगितलं, "सर, येवढं खरं नसते लिहाचं."

एका एप्रिलमध्ये मात्र साडूंचं जेवणावरून मन उडालं. पाठ होता सावलीचा. सावली म्हणजे उजेड अडतो ती जागा, असं त्यांनी सांगितलं, तर रेणूने विचारलं, "उजेड म्हंजे काय, सर?" साडूंचा पाठ तिथेच अडला. त्यात तिच्या आजीने येऊन बजावलं होतं, "शायेत नुसती बसूनच राह्यते, तं घरीच बसन. बकरीचं दावं तरी धरन. सुट्ट्या लागेपर्यंत पाह्यतो, मंग नाव काढतो." सुट्ट्यांना आठवडा उरला होता.

नेमका त्या रविवारी मी जाऊन पोचलो. भर दुपारी अंगणात डोळे बांधून उभा, आणि साडू उजेडाच्या व्याख्येवर व्याख्या देताहेत. आतून पाटवडीच्या रश्शाचा वास येत होता. मी भला माणूस आहे, पण उपाशीपोटी नाही. वैतागून वासाच्या दिशेने चालू लागलो, दहा पावलांवर थांबलो आणि तिथेच बसकण मारली. "आता सावलीतून हलत नाही मी."

"तुमाले कसं समजलं सावली हाये म्हून?"

"टक्कल आहे हो मला," मी ओरडलो. "टकलाला सगळं समजतं!"

मग वही उघडल्याचा आवाज आला. माझा दुपट्टा सोडायला ते साफ विसरले. पहिली पाटवडी मी चाचपडत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मलाही शाळेत नेलं, बहुधा उपकरण म्हणून. सकाळची शाळा होती, पण दहालाच मैदान तापलेलं. कडुनिंबाखाली सगळी पोरं डोळे बांधून, अनवाणी. सावली संपते तिथे प्रत्येकाने आपला गोटा ठेवायचा. पोरं भलतीकडेच पांगली. एकाने गोटा माझ्या पायावर ठेवला. रेणू बसली, तळवे जमिनीवर टेकवत पुढे सरकली, थांबली, अर्धी वीत मागे आली आणि गोटा ठेवला. बरोबर काठावर. तिची आजी बकरी घेऊन फाटकाशी उभी राहून पाहत होती.

पट्ट्या सोडून पोरं झाडाखालीच बसली आणि साडू खोडाला टेकवलेल्या फळ्याकडे वळले. पोरं पाढे म्हणू लागली. अर्ध्या तासाने रेणू उठून पुन्हा गोट्यापाशी गेली आणि तिथूनच रागावून म्हणाली, "सर, माया गोटा गरम लागून राह्यला. कोनं उन्हात सरकवला?"

कोणीच सरकवला नव्हता. साडूंनी तसं सांगितलं. ती दोन्ही हात जमिनीवर फिरवत झाडाकडे सरकत गेली, गार जागा सापडली तिथे थांबली. "मंग सावलीच सरकली," ती म्हणाली. दिसणाऱ्या एकाही पोराच्या, आणि माझ्याही, हे ध्यानात आलं नव्हतं. साडू खाली बघत खडू चुरत राहिले. फाटकाशी बकरी उन्हात आली होती, तिला आजीने सावलीत ओढलं. मग विचारलं, "मास्तर, सुट्ट्या झाल्यावर शाया कवा भरते?"

त्या दिवशीचा शेरा: 'आज मी थोडेच बोललो.'

रेणू आता पांढरकवड्याला मोठ्या शाळेत जाते. साडू निवृत्त झाले. हल्ली गेलो की आधी पाणी मिळतं, मग चहा मिळतो. जेवून मी त्यांच्या अंगणात आडवा होतो; इतकी वर्षं याच सुखासाठी मी कुरकुरत होतो. पण चुकल्या-चुकल्यासारखं होतं, हे कबूल करतो. गेल्या खेपेला दुपट्टा मीच पुढे केला. त्यांनी तो झटकला, नीट घडी घातली आणि माझ्या उशाशी ठेवला.

"झोपा भाऊ," ते म्हणाले. "उद्या शाया नाही."

मला झोप आली नाही. टकलावर ऊन येईपर्यंत तसाच पडून राहिलो.